‘फुकट’ छाटणीचा खर्च किती?

वळिवाच्या वाऱ्यात शाळेच्या आवारातल्या गुलमोहराची फांदी मोडून पत्र्यावर येते, आणि दुसऱ्या दिवशी दोन प्रकारची माणसं दारात उभी राहतात. एक म्हणतो, ‘गुरुजी, सगळी झाडं फुकटात छाटून देतो. लाकूड तेवढं आमचं.’ दुसरा म्हणतो, ‘माझा झाडावर चढणारा माणूस आणि मशीन एक दिवस देतो. खालच्या गड्यांचा रोज आणि ट्रॅक्टरचं भाडं तुम्ही बघा.’ मुख्याध्यापक असोत, सरपंच असोत की सोसायटीचे चेअरमन, बहुतेक जण पहिल्याला हो म्हणतात. खिशातून काही जात नाही ना! प्रत्यक्षात पहिला माणूस लाकडाचा सौदा करत असतो आणि सेवा करत असतो तो दुसरा. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत शाळा, देवस्थान, स्मशानभूमी किंवा सोसायटीसाठी असं काम करून घ्यायचं असेल, तर दोघांचा हिशेब कागदावर मांडून बघायला हवा.

आपल्याकडे ‘वृक्षनिगा’ अशी पाटी लावलेली दुकानं रस्त्यावर दिसत नाहीत. हे काम तीन-चार धंद्यांत वाटलेलं आहे. वखारवाल्याची टोळी झाड पाडते आणि लाकूड उचलते. नर्सरीवाला रोपं देतो, लावूनही देतो. नारळ उतरवणारा उंचावर चढतो. आणि बागायतदारांकडे छाटणीच्या टोळ्या आहेत. इंदापूर तालुका डाळिंब, द्राक्ष आणि पेरूचा, त्यामुळे सिकेटर चालवणारे कसबी हात इथे भरपूर. पण द्राक्षाची काडी छाटणारा माणूस चाळीस फुटी चिंचेवर चढत नाही, आणि वखारीचा गडी कुठली फांदी ठेवायची याचा विचार करत नाही, कारण त्याला ते कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून स्वयंसेवेसाठी कुणी पुढे आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुमचा रोजचा धंदा नेमका कोणता? त्याला जे रोज जमतं तेवढंच त्याच्याकडून फुकट घ्यावं.

आता आकडे. पुढचे दर मी हिशेबापुरते धरलेले आहेत. आपल्या गावचा चालू रोज घालून बेरीज पुन्हा करावी. समजा शाळेत दोन चिंचा आणि एक गुलमोहर आहे, काम एका दिवसाचं. झाडावर चढणाऱ्याचा रोज १,५०० रुपये. खाली दोर धरायला, फांद्या तोडून लावायला तीन गडी, प्रत्येकी ६००, म्हणजे १,८००. पेट्रोल करवतीचं इंधन, ऑइल, साखळीची धार मिळून ६००. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दोन खेपा, हजार रुपयांप्रमाणे २,०००. झाले ५,९००. जेवण-चहाचे ५०० धरले तर ६,४००. गड्याचा रोज जास्त धरला असं कुणाला वाटेल. रोजगार हमीचा राज्यातला रोज २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरला होता, पण झाडाखाली दोर धरायला त्या पैशात कुणी येत नाही.

स्वयंसेवक व्यावसायिक यातलं स्वतःचं काय सोडतो? चढणारा माणूस आणि करवत, म्हणजे २,१०० रुपये. शाळेकडे उरले ४,३००. शिबिराच्या बॅनरवर ‘विनामूल्य वृक्षछाटणी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी हे ४,३०० कुणीतरी देणारच आहे. आधी ठरलं नाही, तर ते त्या धंदेवाल्याच्याच गळ्यात पडतात आणि पुढच्या वर्षी तो फोन उचलत नाही. ‘तुमचं काय आणि आमचं काय’ एवढं एका कागदावर लिहून दोघांनी सही केली की हा घोळ संपतो.

पहिल्या माणसाचा हिशेब वेगळा आहे. त्या तीन झाडांतून दोन टन जळण निघालं आणि वखारीचा भाव टनाला ३,००० धरला, तर त्याच्या हाती ६,००० आले. खर्च साधारण तेवढाच. म्हणजे तो लबाडी करतोय असं म्हणता येत नाही. लाकडात त्याची मजुरी सुटते, एवढंच. अडचण अशी की मजुरी सुटते ती जाड फांद्यांत. वर्गावर लोंबणारी वाळकी काटकी त्याच्या उपयोगाची नाही आणि ती तोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. खोडाजवळची मांडीएवढी हिरवी, निरोगी फांदी मात्र उपयोगाची. मग संध्याकाळी झाड बोडकं होतं, वाळकी काटकी वर तशीच राहते आणि ट्रॉली भरून जाते. दोन पावसाळ्यांनी त्या बोडक्या खोडावर झुबक्याने कोवळे फुटवे येतात. ते आत लाकडाशी नीट धरलेले नसतात, वाऱ्यात तेच आधी मोडतात, आणि पुन्हा छाटणी येते. हा दुसऱ्या छाटणीचा खर्च ‘फुकट’च्या खात्यात कुणी मांडत नाही.

लाकूड द्यायचंच असेल तर मजुरीचा भाव आणि लाकडाचा भाव वेगळे बोलावेत. आधी मजुरी ठरवा, मग लाकूड वजनकाट्यावर मोजून त्यातून वळतं करा. उक्तं काम द्यायचं असेल तर झाडं मोजून नका देऊ, फांद्या दाखवून द्या; ज्या काढायच्या त्यांना चुन्याची खूण करून. झाड जिल्हा परिषदेच्या शाळेचं, ग्रामपंचायतीचं किंवा गायरानातलं असेल, तर लाकूड ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ते ‘फुकट छाटणी’च्या बदल्यात तोंडी देऊन टाकण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही आणि एकट्या सरपंचांनाही नाही. ग्रामपंचायतीचा ठराव, मूल्यांकन आणि लिलाव हा लांबचा रस्ता आहे खरा, पण उद्या चौकशी लागली तर वखारवाला तुमच्या बाजूने बोलायला येत नाही.

काम कसं झालं हे खालून कसं ओळखावं

चांगल्या छाटणीची खूण जमिनीवरून दिसते. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. काप त्या कड्याच्या जरा बाहेर हवा. कडं कापून खोडाशी सपाट केलेला काप भरून येत नाही, आणि फूटभर लांब सोडलेला खुंट सडतो. जाड फांदी तीन कापांत उतरवतात: आधी खोडापासून थोडं लांब, खालून अर्धवट; मग त्याच्या पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना साल सोलत खोडापर्यंत येत नाही; शेवटी उरलेला खुंट कड्याशी. एका हंगामात झाडाचा पाव हिस्स्याहून जास्त पसारा काढू नये. कापावर काय लावायचं, यावर दोन मतं आहेत. फळबागेत एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाण्याची बोर्डो पेस्ट लावतात, आणि आपल्याकडच्या डाळिंबवाल्यांना ती पाठ आहे. रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांवर काम करणारे जाणकार म्हणतात, काप बरोबर जागी असेल तर झाड स्वतःच जखम झाकतं, वरून काही लावू नका. मला दुसरं मत पटतं. निदान ऑइलपेंटचा डबा तरी खर्चात धरू नका.

दिवस कोणता निवडता यावर खर्च हलतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, इतके साखर कारखाने या दोन तालुक्यांत आहेत. गाळप चालू असेपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली उसाच्या दावणीला बांधलेली असते. त्या दिवसांत खेपेचा भाव चढा लागतो किंवा ट्रॅक्टर मिळतच नाही. द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी या दोन्ही वेळी टोळ्या मोकळ्या नसतात. चिंच झोडून उतरवल्याशिवाय तिला हात लावू नये, कारण चिंचेच्या फळाचा लिलाव हे कित्येक शाळांचं आणि देवस्थानांचं छोटं का होईना, उत्पन्न असतं. हे सगळं बाजूला काढलं की पावसाळ्याआधी मार्चअखेरचे दिवस, नाहीतर मे महिना, एवढंच हाताशी राहतं.

इंदापुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते. तहसील कार्यालयाच्या आवारातल्या चिंचांवर आणि भादलवाडी तलावातल्या बाभळींवर चित्रबलाक घरटी करतात, उन्हाळ्यात तिथे पिल्लं असतात. उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावांत बगळ्यांच्या वसाहतीही झाडांवर असतात. घरटं असलेली फांदी उतरवणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो. अशा झाडाखाली विष्ठेचा वास येतो, तक्रारी होतात, हे खरं. पण ते काम पिल्लं उडून गेल्यावरच. स्वयंसेवकाने घरटी बघूनही ‘करून टाकू’ म्हटलं, तर त्याला नम्रपणे परत पाठवा.

परवानगी: पैसे कमी, वेळ जास्त

बारामती आणि इंदापूर नगरपरिषदांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड तुमच्या बंगल्याच्या आवारातलं असलं तरी तोडण्यासाठी नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या छाटणीसाठीही आधी अर्ज द्यावा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आहे, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट आणली आहे. साठ वर्षांचा लिंब पाडला तर साठ रोपं! त्या रोपांचा खर्च पुढे येतोच आहे, तो वाचल्यावर पाडण्याऐवजी छाटण्याकडे मन आपोआप वळेल.

गावाकडे १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, सागवान, चंदन, खैर, हिरडा, अंजन ही आणि आणखी काही झाडं त्याच्या अनुसूचीत येतात. स्वतःच्या शेतातलं असलं तरी ती परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. सातबारा घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जायचं, बारामती आणि इंदापूर दोन्हीकडे ते आहे. लाकूड गाडीतून नेताना वाहतूक परवाना लागतो का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. ‘परवानगीचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला परवानगीची प्रत मागा. ती हाती येईपर्यंत कुऱ्हाड लागू देऊ नका.

फांद्या विजेच्या तारांना लागत असतील तर एकही रुपया खर्च करू नका आणि कुठल्याही स्वयंसेवकाला वर चढू देऊ नका. ते काम महावितरणचं आहे. पावसाळ्यापूर्वी ते वीज बंद ठेवून तारांलगतच्या फांद्या काढतातच. १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. फक्त एक लक्षात असू द्या: त्यांना तार मोकळी करायची असते, झाड सावरायचं नसतं. त्यांनी वीज बंद केलेली असते तेव्हाच आपला छाटणीवाला बोलावून झाडाची दुसरी बाजू तोलून घेतली, तर एका दिवसात दोन्ही कामं होतात.

अपघात झाला तर

या भागावर लोक सगळ्यात कमी बोलतात आणि खरा मोठा खर्च इथेच दडलेला असतो. चढणारा माणूस पडला तर? ठेकेदाराचे गडी असतील आणि काम तुमच्या संस्थेच्या नेहमीच्या कामकाजाचा भाग धरलं गेलं, तर सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० प्रमाणे (पूर्वीचा कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३) काम देणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते. ठेकेदाराकडे कामगार विम्याची पॉलिसी असेल तर तिची प्रत आधीच मागून घ्या. बहुतेक लहान टोळ्यांकडे ती नसते. अशा वेळी किमान प्रत्येक माणसाची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का, एवढं तरी बघा. वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वय, बँक खात्यातून वळते होतात. अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण, मुदत १ जून ते ३१ मे. चार माणसांचे ८० रुपये. हे ८० रुपये संस्थेने द्यावेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र यातून तुमची कायदेशीर जबाबदारी फिटत नाही. घरच्यांच्या हाती काहीतरी पडतं, इतकंच.

दोर, कमरेचा पट्टा आणि हेल्मेट स्वयंसेवकाने स्वतः आणावं, नसेल तर काम पुढे ढकलावं. आणि शाळेत सुट्टीच्या दिवशीच. फांद्या उतरत असताना मुलांकडून ‘वृक्षदिंडी’ काढायची हौस काही ठिकाणी असते. ती दुसऱ्या दिवशी काढा.

रोपांचं दान

नर्सरीवाले सगळ्यात जास्त मदत करतात ती रोपांची. त्यांचं मोल कमी करायचं नाही, पण मदत कुठे संपते ते बघा. पन्नास रोपं, पन्नास रुपयांप्रमाणे २,५०० रुपयांची. इंदापूरच्या माळावर किंवा सुपे-मोरगावकडच्या मुरमाड जमिनीत, पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात, फेब्रुवारी ते मध्य जून रोपाला आठवड्याला वीस लिटर पाणी धरलं तर पन्नास रोपांना हजार लिटर. अठरा आठवडे, अठरा खेपा. पिकअपमधून टाकी नेण्याचे खेपेला ५०० रुपये म्हटले तर एका उन्हाळ्याचे ९,०००, आणि रोप स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत तीन उन्हाळे काढावे लागतात. २७,०००! कुंपण, आळी आणि खत याच्या वर. राज्यात २०१६ पासून चार वर्षं कोट्यवधी रोपं लावण्याचे कार्यक्रम झाले, तेव्हा खड्ड्यांचे फोटो भरपूर निघाले; पाण्याच्या खेपांचे क्वचितच. त्यामुळे नर्सरीवाल्याला म्हणावं, पन्नास नको, दहाच दे, पण दोन उन्हाळे तुझी पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा इकडून जाऊ दे. बारामतीत एन्व्हायर्नमेंटल फोरम ऑफ इंडियासारखी संस्था आहे, राज्यभर सयाजी शिंदे यांची सह्याद्री देवराई काम करते. अशांकडे जातानाही मागणी रोपांची नको, पाण्याची आणि निगेची करावी.

रोपांवर जीएसटी नाही, जळाऊ लाकडावरही नाही. छाटणीच्या सेवेवर, ती शेतीकामात मोडत नसेल तर, १८ टक्के लागतो, पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या आणि नोंदणी न केलेल्या ठेकेदाराला तो आकारता येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल आणि १८ टक्के लावले असतील, तर ते देऊ नका.

‘आम्हाला देणगीची पावती द्या, करसवलत मिळेल’ असं रोपं देणारा म्हणाला तर त्याला आधीच खरं सांगा. देणगीची ही वजावट वस्तूंच्या किंवा श्रमाच्या दानावर मिळत नाही. पैसेच द्यावे लागतात, आणि २,००० रुपयांच्या वरची रोख रक्कमही चालत नाही. बारामती एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी जाणार असाल तर त्याच अंगाने दुसरी गोष्ट: कर्मचाऱ्यांनी श्रमदानात घालवलेल्या तासांची किंमत कंपनीला सीएसआर खर्चात धरता येत नाही. म्हणून टी-शर्ट घातलेले चाळीस हात मागण्यापेक्षा ट्रॅक्टरचं आणि पाण्याचं बिल मागितलेलं कंपनीलाही सोयीचं पडतं.

स्वस्तात होणारी, पण मोलाची कामं

सगळंच महाग नाही. झाडांतले खिळे, तारा, जुने फ्लेक्स काढण्याला कसब फार लागत नाही. पुण्यात ‘अंघोळीची गोळी’ या संस्थेने ‘खिळेमुक्त झाडं’ ही मोहीम चालवली, तिला फक्त पक्कड, कटावणी आणि सुट्टीची सकाळ लागली. भिगवण रोडवरच्या झाडांवर आठवडाभर नजर टाकली तरी काम किती आहे ते कळेल. दुसरं, बुंध्याभोवतीचं काँक्रीट. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे पारावर संगमरवरी फरशी बसवून झाडाचा गळा आवळायची हौस दांडगी! फरशी फोडायला ब्रेकर आणि दोन गडी, अर्धा दिवस. याचा खर्च एका छाटणीपेक्षा कमी येतो आणि वडा-पिंपळाला त्याने जास्त आयुष्य मिळतं.

अमेरिकेत ‘सॅल्युटिंग ब्रँचेस’ नावाचा उपक्रम २०१५ पासून चालतो. झाडांची निगा राखणाऱ्या कंपन्या वर्षातला एक ठरलेला दिवस आपली माणसं आणि यंत्रं घेऊन माजी सैनिकांच्या स्मशानभूमींत काम करतात. त्यात घेण्यासारखं हे की दिवस एकच, जागा ठरलेल्या, आणि काम त्यांच्या रोजच्या कसबाचं. आपल्याकडे असा दिवस शोधायला लांब जावं लागत नाही. तुकोबांची पालखी उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला आणि पुढे सराटीला जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण. पालखी महामार्गाचं भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं, रस्ता रुंद झाला, जुनी सावली बऱ्याच ठिकाणी गेली. पालखीआधी महिनाभर मुक्कामाच्या आणि विसाव्याच्या जागांवरची उरलेली मोठी झाडं तपासून, वाळक्या फांद्या उतरवून घेतल्या, तर हजारो वारकऱ्यांच्या डोक्यावरचा धोका कमी होतो. महामार्गाच्या हद्दीतल्या झाडांना मात्र राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची परवानगी हवी. गावाने आपल्या पारापुरतं आणि शाळेपुरतं बघावं. प्रत्येक गावाने एक वखारवाला, एक नर्सरीवाला आणि एक ट्रॅक्टर एवढं ठरवलं, तर वरच्या हिशेबाने गावाच्या वाट्याला पाच हजारांच्या आत येतं.

शेवटी कायद्याचं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये पूर्णपणे विनामूल्य दिलेली सेवा ‘सेवा’ या व्याख्येत बसत नाही. फुकट छाटणाऱ्याने फांदी शेजाऱ्याच्या गाडीवर पाडली, तर ग्राहक आयोगात जाता येणार नाही. दिवाणी दाव्याचा लांब रस्ता उरतो. पैसे देऊन काम घेतलं आणि पावती असेल, तर मात्र जिल्हा आयोगात जाता येतं. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारूनही घेता येतं. म्हणून ठेकेदाराला, भले लाकडातून वळते करून का होईना, मजुरीची रक्कम आकड्यात लिहिलेली पावती मागा. त्यावर तारीख, झाडांची संख्या, कुठल्या फांद्या काढायच्या, लाकूड कुणाचं, नुकसान झालं तर भरपाई कोण देणार आणि काटक्या-पाला कोण उचलणार, एवढं असावं. पाल्याचं विसरू नका. ट्रॉली गेल्यावर आवारात उरतो तो तोच, आणि तो उचलायला वेगळे दोन गडी लागतात.